‘रन’चं मराठी करताना या चुका टाळा

‘पंपाची पूर्वचाचणी कदापि घेऊ नये.’

विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य मला शेवटच्या प्रुफात दिसलं. दुसऱ्या दिवशी पानं छपाईला जाणार होती. मूळ इंग्रजी सूचना होती, ‘ड्राय रन’ होऊ देऊ नका. भाषांतर करणारी मुलगी हुशार. कोविडच्या लसीकरणाआधी २ जानेवारी २०२१ ला देशभर ‘ड्राय रन’ झाली, मराठी बातम्यांत तिला रंगीत तालीम म्हटलं गेलं आणि तोच अर्थ तिच्या डोक्यात पक्का बसला होता. पंपाच्या बाबतीत ड्राय रन म्हणजे पाण्याशिवाय पंप फिरणं. आतल्या सीलला थंड ठेवतं ते पाणी, वंगणाचं कामही पाण्याचंच. पाणी नसेल तर सील जळतं. पुस्तिकेतली सगळ्यात मोलाची सूचना मराठीत उरलीच नव्हती, आणि ज्याचं नुकसान होणार तो शेतकरी मराठी पानंच उघडणार होता. रात्री नऊला मी ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “अहो, पंप कोरडा चालवू नका म्हणा की!” तेच छापलं.

तेव्हापासून ‘रन’ दिसला की मी आधी बघतो, ‘रन’ होतंय काय: माणूस, यंत्र, पाणी, रंग की पैसा. मग इंग्रजी कागद पालथा घालतो आणि त्या धंद्यातला माणूस जसं बोलेल तसं वाक्य मोठ्याने म्हणतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी कोशकार पीटर गिलिव्हर ‘रन’ या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले. कोशातला पहिला अर्थ उचलून पुढच्या ओळीवर जाणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. क्रिकेटमुळे ‘धाव’ जिभेवर असते, तीच सगळीकडे चिकटवली जाते.

साडीच्या लेबलवर ‘रंग धावू शकतो’ असं मी स्वतः वाचलंय. इंग्रजीत पुढच्या सगळ्या ठिकाणी ‘रन’च येतो, मराठीत मात्र रंग जातो. नाक वाहतं. अंगात ताप असतो, तो कुणी ‘चालवत’ नाही. निवडणूक लढवतात. साखर संपते. रस्ता नदीकाठाने जातो. मधुमेह घराण्यात असतो.

बँकेच्या बातमीत मात्र जपून. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. इंग्रजीत त्याला बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. त्याचं ‘बँकेवर धाव’ केलं तर वाचकाला दरोडा वाटेल किंवा काहीच कळणार नाही. ठेवी काढून घ्यायला झुंबड उडाली, असं सरळ लिहा. शब्द वाढले तरी चालतील. जेवढे इंग्रजीत तेवढेच मराठीत, हा हट्ट नवख्यांनी आधी सोडावा.

यंत्राकडून भाषांतर करून घेऊन वरवर नजर फिरवणाऱ्यांच्या हातून हेच निसटतं, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर असतं आणि डोळा अडत नाही.

आणि उलटी चूकही नको. कॉम्प्युटरवर प्रोग्राम रन करतात. क्लासमधली मुलं तसंच बोलतात, त्यांचे सरही तसंच बोलतात. तिथे ‘निष्पादित करा’ लिहून त्यांना कोश उघडायला लावू नका. ‘रन करा’ हेच राहू द्या.