पूर ओसरल्यावर गावची नळयोजना पुन्हा सुरू कशी करावी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. कोल्हापुरात उपसा केंद्रंच पाण्यात बुडाली, आणि दारात पाणी असलेली माणसं टँकरच्या रांगेत उभी राहिली. पूर उतरला की गावोगावी एकच ओरड असते, "आधी नळ सोडा." माणसं तहानलेली असतात, घरात चिखल असतो, त्यामुळे ती ओरड खोटी नाही. पण पाणी सोडणाऱ्यानं त्या घाईला बळी पडू नये, यासाठी हे लिहितो आहे.

बंद पडलेली लाइन रिकामी होताना पोकळी धरते. सखल गल्लीत पाणी गेल्यावर एखादा नळ उघडा आणि तोंडावर तळहात ठेवा, हात आत ओढला जातो. लाइन जिथे गटारातून गेलेली आहे आणि जॉइंट गळका आहे, तिथे हीच ओढ गटाराचं पाणी आत घेते. पुरात तर अख्खी लाइन चिखलपाण्याखाली असते. म्हणून नळाला आलेलं पहिलं पाणी पिण्याचं नाही असं धरूनच कामाला लागा.

पाणी चढत असताना

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आपल्या नदीचे असे आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. इशारा पातळी आली की उंच टाकी काठोकाठ भरा आणि खाली उतरणारा मुख्य व्हॉल्व्ह घट्ट बंद करा. एवढं साठवलेलं पाणी पुढचे दोन-तीन दिवस जेवणापुरतं तरी हाताशी राहतं. जॅकवेलवरचा (नदीकाठच्या उपसा विहिरीवरचा) स्टार्टर आणि पॅनेल खोलून उंचावर न्या.

व्हॉल्व्हचा नकाशा मात्र पावसाळ्याआधीच कागदावर उतरवा. बहुतेक गावांत तो एकाच माणसाच्या डोक्यात असतो, आणि पुरात नेमका तोच माणूस पलीकडच्या काठावर अडकतो.

मोटार आणि विहीर

बुडालेल्या मोटारीचं बटण दाबून बघू नका. महावितरणच्या वायरमननं विजेची लाइन तपासल्याशिवाय पॅनेलला हात लावायचा नाही. मोटार वाळवून, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासल्यावरच सुरू करायची.

विहिरीवरून पुराचं पाणी गेलं असेल तर ती उपसावी लागते, पण एका दमात नाही. भोवतालची जमीन तुडुंब भिजलेली असते. आतलं पाणी झटकन गेलं की बाहेरचा दाब बांधकामावर येतो आणि कडा ढासळतात. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, ते काठावरच ठेवा, तेही धूर आत जाणार नाही अशा बाजूला. विहिरीत कोंडलेल्या धुरानं माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

पाणी नितळ झालं की टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. गढूळ पाण्यात ती वाया जाते. हिशोब सोपा आहे: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. विहीर ६ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे ११३ घनमीटर. १००० लिटरला ५ ग्रॅम धरलं तर साधारण ५६५ ग्रॅम पावडर. पुरानंतर पहिल्यांदा दुप्पट घ्या.

पावडर कोरडी फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, दोरानं ती विहिरीत सोडून वरखाली हलवा. गाळ फेकून द्या. पोतं उघडं राहिलं असेल तर पावडरचा जोर उतरलेला असतो. नाकाला झोंबत नसेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

टाकी आणि लाइन

टाकीचा गाळ काढून भिंती घासा. मग ५०,००० लिटरच्या टाकीला साधारण ८ किलो ताज्या पावडरची निवळी घालून ती भरा. हे पाणी फक्त लाइन धुण्यासाठी आहे. सोडण्याआधी स्पीकरवरून सांगा, ग्रुपवर टाका, आणि आशाताईंना घरोघर पाठवा: घरच्या टाकीचा कॉक बंद ठेवा, हे पाणी पिऊ नका, जनावरांना पाजू नका.

आधी शेवटचा वॉशआउट (लाइनमधलं पाणी बाहेर काढायचा व्हॉल्व्ह) उघडा, मग टाकीकडून एकेक व्हॉल्व्ह हळूहळू. एकदम उघडलात तर अडकलेली हवा जुना जॉइंट फोडते. शेवटच्या टोकाला क्लोरीनचा तिखट वास आला की सगळं बंद करून २४ तास थांबा. नंतर हे पाणी वॉशआउटनं मोकळ्या जमिनीवर काढा. ओढ्यात सोडलं तर मासे मरतात.

ओटी कुठे करायची

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणारं औषध. लाइन धुऊन नेहमीचं पाणी सोडलं की त्याची चाचणी शेवटच्या घरात. टाकीखालच्या नळाचं पाणी पिवळं होणारच, तिथे तपासून काही कळत नाही. काचेच्या नळीत शेवटच्या घरचं पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका आणि रंग पट्टीशी लावून बघा. एरवी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं तरी चालतं, पण पुरानंतर ०.५ हवं. रंग आला नाही तर मधे कुठेतरी लाइन फुटलेली आहे. नुसती पावडर वाढवून ते झाकू नका, शोधा.

सोबत निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवा. लागोपाठ दोन अहवाल चांगले येईपर्यंत घरोघरी पाणी गाळून, खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवून प्यायचं.

मैलापाणी

जमीन ओली आहे तोवर सेप्टिक टँक रिकामा करू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं रिकामा टँक वर उचलला जातो किंवा फुटतो. आणि चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, कितीही तुंबलं असलं तरी. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आतला वायू कुणाला दुसरी संधी देत नाही. मैला उपसणारी गाडी मागवा, ती येईपर्यंत त्या गल्लीतल्या शौचालयांचा वापर थांबवा.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी शेवटच्या घराची ओटी करून तारीख, वेळ आणि रंग वहीत लिहा. एकाच गल्लीत जुलाबाचे दोन रुग्ण दिसले तर अहवालाची वाट न बघता त्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करा, टँकर लावा आणि त्याच तासाला आरोग्य केंद्राला फोन करा.