घोडबंदर रोडचा टू बीएचके: गंमत कुठे करावी, कुठे नाही

घराचा ताबा मिळाला की पहिल्याच रविवारी माणसं फर्निचरच्या दुकानाकडे धावतात. आम्हीही धावलो. सात फुटांचा सोफा घरपोच आला आणि लिफ्टमध्ये मावेना. चार जणांनी तो जिन्याने अकराव्या मजल्यावर चढवला. वर आल्यावर त्याने बाल्कनीचं अर्धं दार अडवलं.

तेव्हा आधी काहीही विकत घेऊ नका. मोजायची टेप आणि मास्किंग टेपचं एक रीळ आणा. सोफा, जेवणाचं टेबल, टीव्ही युनिट यांच्या मापाच्या चौकटी जमिनीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस त्यांच्या कडेकडेने वावरा. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाल्कनीकडे जा, म्हणजे घर खरं कुठे अडतं ते कळेल. येण्याजाण्याच्या वाटेला अडीच-तीन फूट सोडा. लिफ्टच्या दाराची आणि आतल्या उंचीची मापंही लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. जे बदलायला हातोडा किंवा सुतार लागतो, ते शांत असू द्या: फरशी, ओटा, वॉर्डरोबची दारं, बाथरूमच्या टाइल्स. जे तुम्ही स्वतः एका सुट्टीच्या दिवशी बदलू शकता, तिथे हवा तेवढा खोडसाळपणा करा. लोक नेमकं उलटं करतात. मॉड्युलर किचन जांभळ्या चकचकीत लॅमिनेटचं आणि उशा बिस्किटी रंगाच्या. चार वर्षांनी जांभळ्याचा कंटाळा येतो, पण ते काढायचा खर्च ऐकून माणूस त्याच्यासोबतच राहतो.

सुताराशी बोलताना प्लायवुडचा शिक्का स्वतः बघा. सिंकखाली आणि ओट्याच्या कपाटांना आयएस ७१० चा शिक्का असलेलंच, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या, कोरड्या खोल्यांना आयएस ३०३, म्हणजे साधं प्लाय चालतं. यात घासाघीस नको.

रंगाआधी भिंतीची ओल तपासा. ठाण्याचा पाऊस बाहेरच्या भिंतींना सोडत नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं, तर आधी ओल कुठून येते ते शोधा. बाहेरच्या भिंतीवर वॉलपेपर नकोच, आणि कपाट तिला चिकटवून उभं करू नका, बोटभर फट ठेवा.

नवे टॉवर बरेचदा मिवान पद्धतीचे असतात, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. त्यांना वायरिंगसाठी झिरी मारायची नाही, खिळाही ठोकून जात नाही. हॅमर ड्रिलवाला एकदाच बोलवा आणि सगळी भोकं एका दिवसात पाडून घ्या. सोसायटीने ठरवलेल्या वेळेतच, नाहीतर पहिल्याच महिन्यात वॉचमनशी वाद. चित्र टांगताना त्याचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर धरा. आपल्याकडे चित्रं फार वर टांगायची सवय आहे, देवाच्या फोटोसारखी.

रंग दुकानातल्या उजेडात ठरवू नका. आम्ही पेरूच्या आतला गुलाबी म्हणून जो आणला, तो घरी संध्याकाळी खोकल्याच्या औषधासारखा दिसायला लागला. छोटा डबा आणून दोन फुटांचा चौकोन रंगवा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. दिव्यांचंही तसंच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. हॉलमध्ये ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब लावली की घराचं क्लिनिक होतं. ३००० केल्विनच्या आसपासचे बल्ब घ्या. ओट्यावर मात्र ४००० ठीक, भाजी निवडताना अळी दिसली पाहिजे.

आता गंमत. आमच्या हॉलच्या भिंतीतलं कपाट बाहेरून भिंतीच्याच रंगाचं आहे, कडीसुद्धा नाही, नुसती बोट घालायची खाच. दार उघडलं की आतून लख्ख हळदी पिवळं. फळ्या, पाठ, कडा, सगळं. त्या पिवळ्यावर आजीचा पितळी पोह्यांचा डबा आणि सावंतवाडीची लाकडी फळं. मिक्सर काढायला दार उघडलं तरी पाहुणे वाकून बघतात. सुताराला आतलं लॅमिनेट वेगळं हवं हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने पांढरंच लावतो.

सोफा साधा करड्या कापडाचा असेल तर त्यावर खणाच्या दोन उशा पुरतात. दोनच. सहा लावल्या की हळदीकुंकवाची बैठक वाटते. खणाचं कापड नाजूक असतं, आतून अस्तर लावून शिवायला सांगा. गोधडी असेल तर ती पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवा. वारली चित्र हवं असेल तर जव्हार-डहाणूकडच्या चित्रकाराकडून एकच करून घ्या. तयार स्टिकरांची रांग मला तरी बघवत नाही.

राहिला झोपाळा. फॉल्स सीलिंगला तो कधीच टांगायचा नाही. वजन थेट स्लॅबवर, अँकर फास्टनरने (काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने), सोसायटीची परवानगी घेऊन आणि जाणकार माणसाला विचारूनच. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे नसतील तर स्टँडचा झोपाळा घ्या. कड्या बेअरिंगच्या घ्या. आमच्या साध्या होत्या आणि रात्रभर करकरायच्या. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या, हातात शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन.