पालकाचा हिरवा रंग बरणीत कसा उतरवावा

मिसळीवरची तर्री लालभडक आणि खालचा रस्सा त्यामानाने फिका, असं का? मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. भाजीतून रंग काढायला बसलात की आधी हेच बघा: हा रंग उतरतो कशात? बिटाचा पाण्यात उतरतो, गाजराचा तेलात. पालकाच्या हिरव्याला, म्हणजे क्लोरोफिलला, मात्र स्पिरिट लागतं.

दहा-बारा पानं धुऊन फडक्यावर अगदी कोरडी करा. इथे घाई नको. ओल राहिली की स्पिरिट पातळ होतं आणि रंग फिका येतो. देठ काढून पानं चिरा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून खलबत्त्यात चेचा. पानातलं आम्ल क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम हुसकून लावतं, मग हिरव्याचा शेवाळी तपकिरी होतो. पालकाची भाजी जास्त शिजली की होतो ना, तसाच. सोडा ते आम्ल मारतो.

चेचलेला पाला काचेच्या बरणीत घालून बुडेल इतकंच, साधारण 40 मिली, सर्जिकल स्पिरिट ओता. औषधांच्या दुकानात मिळतं. झाकण सैल ठेवून बरणी गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास उभी करा. पाणी आधीच तापवून गॅस बंद केलेला हवा आणि खिडकी उघडी. स्पिरिटची वाफ पटकन पेट घेते, म्हणून बरणी आचेवर कधीच ठेवू नका. जवळ निरांजन किंवा उदबत्तीही नको. मुलं करत असतील तर मोठ्या माणसाने सोबत थांबावं. नंतर पातळ फडक्यातून गाळा. हा अर्क खायचा नाही.

आता फिल्टर पेपरची पट्टी कापून तिचं टोक अर्कात बुडवा आणि तशीच उभी ठेवा. रंग वर चढत जातो आणि हिरव्याच्या पुढे पिवळी कड उमटते. हा पिवळा पानात आधीपासूनच होता, हिरव्याखाली झाकलेला. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचे रंग असेच वेगळे केले आणि 1906 साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं.

बिटाचं काम सोपं: किसा, लिंबाचे चार थेंब टाका, पिळा. उकळू मात्र नका, रंग तपकिरी पडतो. गाजराचा कीस तेलात मंद आचेवर परतला की तेल केशरी होतं.

हिरवा अर्क उजेडात विटतो, म्हणून बरणी कपाटात ठेवा. ठेवण्याआधी खोलीत अंधार करून तिच्यावर मोबाइलची टॉर्च मारा आणि बाजूने बघा. हिरवा अर्क गडद लाल चमकतो.