कैरोतील रस्त्यावरचे खाणे : शहराच्या घड्याळाप्रमाणे कसे खावे

कैरोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी पिरॅमिड, संग्रहालय आणि नाईलवरची नौका यांचे वेळापत्रक महिनाभर आधी आखतात. जेवण मात्र हॉटेलच्या बुफेवर किंवा सहल कंपनीने ठरवलेल्या भारतीय थाळीवर सोपवून मोकळे होतात. हे मला फार खटकते, कारण कैरोतले रस्त्यावरचे खाणे जुने आहे, स्वस्त आहे आणि शाकाहारी माणसालाही विलक्षण सोयीचे आहे. ते नीट अनुभवायचे असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. या शहरात जवळपास प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. सकाळचा पदार्थ दुपारी मागितला तर भांड्याच्या तळाचा मिळतो आणि थंडीतले पेय उन्हाळ्यात बहुधा मिळतच नाही. म्हणून काय खावे याइतकेच केव्हा खावे हेही माहीत असावे लागते, आणि पुढची मांडणी शक्यतो त्याच क्रमाने केली आहे.

बाहेर पडण्यापूर्वी दहा मिनिटे काढून अरबी अंक शिकून घ्यावेत, कारण गाड्यांवरचे भाव बहुधा त्याच अंकांत लिहिलेले असतात. अरब लोक या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात, आणि देवनागरी वाचणाऱ्याला त्यांतले २ आणि ३ ओळखायला वेळ लागत नाही. घोटाळा होतो तो पाचाच्या आकड्यात. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते. त्यामुळे गोल आणि त्याच्या उजवीकडे टिंब दिसले तर ते पन्नास समजावे. सात उघड्या चिमट्यासारखा दिसतो आणि आठ म्हणजे तोच चिमटा उलटा. पैसे इजिप्शियन पाउंडांत, म्हणजे तिथल्या बोलीत ‘गिनेह’मध्ये द्यायचे असतात. खिशात लहान नोटा ठेवाव्यात, कारण सकाळच्या घाईत गाडीवाल्याकडे मोठ्या नोटेची मोड नसते. रस आणि कोशरी यांच्या पुष्कळ दुकानांत आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि ती घेऊन पदार्थ देणाऱ्याकडे जायचे, अशी पद्धत आहे.

दिवसाची सुरुवात ‘फूल मुदम्मस’ने करावी. हे फूल म्हणजे बाकला, दिसायला मोठ्या वालासारखा. अरुंद गळ्याच्या मोठ्या भांड्यात तो रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवलेला असतो आणि पहाटे ते भांडे गाडीवर चढते. भांडे थोडे कललेले असते. गाडीवाला लांब दांड्याचा डाव त्यात सोडून मऊ झालेले दाणे वर काढतो, पसरट ताटलीत घालून काट्याने थोडे ठेचतो, त्यावर मीठ, जिरेपूड, लिंबू आणि तेल घालतो, आणि हे सारे आपण उभे राहण्याची जागा शोधेपर्यंत पुढ्यात येते. तेलाऐवजी तिळाची चटणी, म्हणजे ‘तहिना’, हवी असेल तर ‘बि-तहिना’ म्हणावे. जवसाच्या तेलाला तिथे ‘झेत हार’ म्हणतात. आपल्याकडे जवसाची चटणी आवडीने खाणाऱ्यांनी तेच मागावे, कारण त्याची किंचित कडसर चव बाकल्याला फार शोभते. सोबत कच्चा कांदा, हिरवी पाने आणि ‘तोरशी’ हे खारवलेले लोणचे मिळते. साडेनऊ-दहानंतर मात्र फूल मागण्यात फारसा अर्थ राहत नाही.

हे सारे खाल्ले जाते ते ‘एश बलदी’ या कोंड्यासकट भाजलेल्या फुगीर भाकरीबरोबर. इतर अरब देशांत भाकरीला ‘खुब्झ’ म्हणतात, पण इजिप्तमध्ये ‘एश’ म्हणतात, आणि एश या शब्दाचा मूळ अर्थ जगणे असा आहे. चमचा मागू नये. भाकरीचा तुकडा तोडून त्याचा छोटा द्रोण करावा, तो ताटलीत बुडवावा आणि उजव्या हाताने खावा. या द्रोणाला कैरोतले लोक ‘मांजरीचा कान’ म्हणतात.

इथे एक गंभीर सूचना करणे आवश्यक आहे. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता आहे, त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशी वेगाने फुटून प्रकृती धोक्यात येऊ शकते. ही कमतरता भारतातही आढळते. घरात कोणाला ती असल्याचे माहीत असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

ज्यांना ही अडचण नाही, त्यांनी फूलच्या शेजारच्या कढईकडे वळावे. इजिप्तमधील ‘ताअमिया’ ही फलाफलची मोठी बहीण आहे. लेबनॉन-सीरियाकडे फलाफल छोल्यांचे करतात, तर इथे सोललेला सुका बाकला भिजवून, न शिजवता, कोथिंबीर, पार्स्ली, शेपू आणि कांद्याच्या पातीसारख्या ‘कुर्रात’बरोबर वाटतात. त्यामुळे वडा बाहेरून तांबूस आणि आतून गडद हिरवा निघतो. वरून तीळ लावलेले असतात. आधी तळून ठेवलेली ताअमिया घेऊ नये. कढईतून निघण्याची वाट पाहावी, कारण गार झाल्यावर तिचा कुरकुरीतपणा आणि हिरव्या पाल्याचा वास दोन्ही जातात.

दुपार कोशरीची. तांदूळ आणि अख्खा मसूर एकत्र, त्यात शेवया किंवा मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, असा हा थरांचा पदार्थ आहे. कोशरी हे नाव आपल्या खिचडीवरून आले असे मानले जाते आणि ब्रिटिश लष्करातील भारतीय सैनिकांबरोबर ती तिथे पोहोचली असेही सांगतात. मात्र तांदूळ आणि मसूर एकत्र शिजवण्याची ‘मुजद्दरा’ ही रीत अरब जगात मध्ययुगापासून होती, आणि मॅकरोनी भूमध्य समुद्रापलीकडून, इटलीकडून आली. म्हणून हा एका वाटीत आलेला तीन दिशांचा प्रवास आहे असे मी समजतो. मध्य कैरोत शांपोलियाँ रस्त्यावर अबू तारिक हे अनेक मजली प्रसिद्ध दुकान आहे. तिथे कोशरीशिवाय फारसे काही मागायचे नसते, त्यामुळे भाषा येत नसली तरी काम होते: लहान, मध्यम की मोठी एवढेच सांगायचे. पहिल्या वेळी लहानच घ्यावी, कारण ती पोटात जड पडते.

कोशरी खाण्याचाही एक क्रम आहे. प्रथम काहीही न घालता दोन घास खाऊन पाहावेत. मग टेबलावरच्या बाटलीतला ‘दक्का’, म्हणजे लसूण, जिरे आणि व्हिनेगर यांचे पातळ पाणी, सढळ हाताने घालावा. कोशरीचा जीव त्यात आहे. त्यानंतर टोमॅटोचा रस्सा, आणि शेवटी ‘शत्ता’ या लाल तिखटाचे मोजके थेंब. ठेच्याची सवय असलेल्यांनीही शत्ता अर्ध्या चमच्याने सुरू करावा, कारण त्याचा झणझणीतपणा लगेच कळत नाही, दोन घासांनंतर चढतो. सगळे खालपासून वर कालवून खावे. कांदा मात्र थोडा बाजूला राखून ठेवावा, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत तो कुरकुरीत मिळतो.

फूल, ताअमिया आणि कोशरी हे तिन्ही पदार्थ एरवीही मांसाविना आणि दुधाविना बनतात, ही शाकाहाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. इतर ठिकाणी ‘मिन घेर लहमा’, म्हणजे मांसाविना, असे सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण लहमा म्हटले की पुष्कळांच्या मनात बकऱ्याचे किंवा गुराचे मांस येते आणि कोंबडी त्यातून सुटते. म्हणून ‘वला फिराख’, कोंबडीही नको, असे जोडावे. आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: ‘सियामी’. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातील बराच काळ उपवास पाळतात आणि त्या काळात मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात. अशा खाण्याला सियामी म्हणतात आणि दुकानदाराला तो लगेच समजतो. त्यांच्या काही उपवासांत मासे चालतात, एवढे मात्र विचारून घ्यावे. ‘मुलुखिया’ ही हिरवी पातळ भाजी शाकाहारी दिसते, पण ती बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्शात शिजवलेली असते.

उन्हाच्या वेळी रसाच्या दुकानात जावे. उसाचा रस तिथेही आपल्यासारखाच चरकातून निघतो, पण आले-लिंबाविना. ‘तमरहिंदी’ म्हणजे चिंचेचे सरबत. या नावाचा अर्थच ‘भारतीय खजूर’ असा आहे. ‘करकदे’ हे लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांचे गडद सरबत गार आणि गरम दोन्ही मिळते, आणि विदर्भातल्या माणसाला त्याची आंबट चव ओळखीची वाटेल. पोटावर मोठे भांडे बांधून पितळी झांजा वाजवत फिरणारा माणूस दिसला तर तो ‘इर्कसूस’, म्हणजे ज्येष्ठमधाचे पेय विकत असतो. ते एकदा जरूर चाखावे. मात्र रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ज्येष्ठमधापासून दूर राहावे. कोणतेही पेय बर्फाविना मागावे, आणि पेले एकाच बादलीत विसळले जात असतील तर स्वतःची बाटली पुढे करावी. नळाचे पाणी पिऊ नये.

सूर्य कलल्यावर नाईलच्या काठावरचा रस्ता, म्हणजे कोर्निश, फुलू लागतो. तिथे भाजलेले कणीस मिळते आणि ‘तिरमिस’ नावाचे पिवळे चपटे दाणे मिळतात, ज्यांचा कडूपणा घालवण्यासाठी ते कित्येक दिवस पाणी बदलत भिजवलेले असतात. लिंबू आणि जिरे घातलेल्या या दाण्यांची साल दातांनी काढून टाकायची आणि गर खायचा. थंडीत चिमणी असलेल्या चाकांच्या भट्टीतून भाजलेले रताळे विकतात. ‘हलबेसा’ म्हणजे छोल्यांचे गरम, आंबट-तिखट पाणी. ते पेल्यातून पितात आणि तळाचे छोले चमच्याने खातात. मांसाहार करणाऱ्यांनी रात्री ‘हवावशी’ शोधावी, ज्यात खिमा आणि कांदा भाकरीच्या पोटात भरून ती भट्टीत भाजतात, किंवा मिरची-लसणीत परतलेली अलेक्झांड्रियाच्या पद्धतीची काळीज-पाव.

गोडासाठी रात्र राखून ठेवावी. मध्य कैरोतील तलअत हर्ब रस्त्यावर अल-अब्द या मिठाईच्या दुकानापुढे रात्री गर्दी असते. तिथे ‘बसबूसा’ हा पाकात मुरलेला रव्याचा चौकोन सुटा, वजनावर घ्यावा. पाव किलोत तीन-चार प्रकार मागता येतात. ‘लुकमत अल-कादी’, म्हणजे न्यायाधीशाचा घास, हे बाहेरून कडक, आतून पोकळ असे पाकातले गोळे आहेत. तळल्यापासून काही मिनिटांतच खाल्ले पाहिजेत. त्यांचे दुसरे नाव ‘झलाबिया’, आणि आपली जिलबी त्याच शब्दाच्या घराण्यातली. ‘उम्म अली’ हा पोळीसारख्या पापुद्र्यांचा, दूध, सुकामेवा आणि मनुकांचा भट्टीतला पदार्थ बशीत गरमच यायला हवा. ‘रोझ बि-लबन’ ही तांदळाची खीर आहे, पण गार आणि घट्ट. ‘फितीर मशलतित’ या तुपाच्या पापुद्र्यांच्या जाड पोळीबरोबर ‘असल अस्वद’ मागावा. नावाचा अर्थ काळा मध असा असला तरी ती उसाची काकवीच असते; कोल्हापूरकडच्या माणसाने फितीरचा गरम तुकडा त्यात बुडवून पाहावा.

कुनाफा मात्र रमजानच्या दिवसांत पाहावा. सय्यिदा झैनबसारख्या जुन्या वस्त्यांत त्या महिन्यात फुटपाथवर मोठी गोल तापलेली तबकडी मांडतात. कारागीर तळाला बारीक भोके असलेले भांडे पातळ पिठाने भरतो आणि हात गोल फिरवत तबकडीवर धारा सोडतो. केसासारख्या बारीक शेवया क्षणात सुकतात, आणि जळायच्या आत तो त्या मुठीने गोळा करून उचलतो. या शेवया तूप लावून, मलई किंवा सुकामेवा भरून भाजतात आणि वर पाक ओततात. याच महिन्यात ‘कतायेफ’ ही दुमडलेली, सारण भरलेली धिरडी मिळतात. कैरोच्या बोलीत पहिला क गिळला जातो, म्हणून ‘अतायेफ’ असे ऐकू येईल. रमजानमध्ये दिवसा बहुतेक गाड्या बंद असतात आणि रस्त्यात उघड्यावर खाणे सभ्यपणाचे नसते. सूर्यास्तानंतर तासाभराने बाहेर पडावे. त्याआधी टॅक्सीही मिळत नाही. हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी तारीख पाहून घ्यावी.

थंडीत गेलात तर फिशावीसारख्या खान अल-खलिली बाजारातल्या जुन्या कॉफीघरात ‘सहलब’ मागावे. हे दाट, गरम दूध दालचिनी, खोबरे आणि दाणे घालून देतात. आणि प्रवास पैगंबरांच्या जयंतीच्या सुमारास असेल, तर त्या आठवड्यात रस्तोरस्ती लागणाऱ्या मांडवांतून ‘सिमसिमिया’ आणि ‘फूलिया’ घ्याव्यात. एक तिळाची आणि दुसरी शेंगदाण्याची वडी, म्हणजे थेट आपली चिक्कीच. इतर मिठाया पाकामुळे प्रवासात गळतात. या दोन कागदात गुंडाळून, घट्ट डब्यात घालून सामानात ठेवल्या तर घरी पोहोचेपर्यंत कडक राहतात.