आसियान करार तपासताना

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्याचा माल मलेशियाला किंवा व्हिएतनामला जाणार असेल, तर आधी त्याचा सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पक्का करा. आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि भारत यांच्यातला, आयात शुल्कात सवलत देणारा वस्तू करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यातल्या याद्या एचएसच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे आजचा कोड थेट शोधला की चुकीची ओळ हाती लागते. जुन्या-नव्या कोडचा तक्ता शेजारी ठेवाच.

मग त्या देशाचा सर्वसाधारण दर, म्हणजे कराराशिवाय लागणारं आयात शुल्क, पाहा. तो मुळातच शून्य असेल, तर मूळ देशाच्या प्रमाणपत्राची (माल कुठे तयार झाला याच्या दाखल्याची) धावपळ व्यर्थ. वस्तू सवलतीतून वगळलेल्यांच्या यादीत नाही ना, हेही बघा.

खरी अडचण मूळ देशाच्या नियमात. साधारण नियमात दोन्ही अटी लागतात: एफओबी किमतीच्या (जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीच्या) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं आणि बाहेरून आणलेल्या भागांपेक्षा तयार मालाचा सहा आकडी कोड वेगळा. १०० रुपयांच्या मालात ७० रुपयांचा सुटा भाग चीनचा असला, तर सवलत गेली. शेतातली संत्री मात्र पूर्णतः इथलीच ठरतात.

सेवांचा करार वेगळा आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या आयटी कंपनीने आधी सर्व क्षेत्रांना लागू अटी वाचाव्यात, नंतर आपलं क्षेत्र. ‘अनबाउंड’ (बांधिलकी नाही) लिहिलं असेल, तिथे कसलीच हमी नाही.