रेल्वेगाड्यांच्या प्रतिकृतींचा संग्रह घरी कसा मांडावा

न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर धावणारी एक छोटी गाडी बनवली, ती मुलांसाठी नव्हे, तर दुकानाच्या दर्शनी काचेमागे फिरवून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे लक्ष वेधण्यासाठी. लोक थांबले खरे, पण त्यांनी दुकानातला माल सोडून ती गाडीच विकत मागितली. काचेमागच्या गाडीची ही ओढ आजही तशीच आहे. फरक इतकाच की मांडणीतली प्रतिकृती बहुतेक वेळ उभीच असते आणि पाहणारा वीतभर अंतरावरून तिच्याकडे निवांत पाहत राहतो. धावत्या गाडीत खपून जाणारी चूक उभ्या गाडीत खपत नाही, म्हणून निवडीपासूनच काटेकोर राहावे लागते.

सुरुवात खरेदीने न करता एक मार्ग आणि एक कालखंड ठरवून करावी. उदाहरणादाखल येथे स्वित्झर्लंडमधला, आल्प्स पर्वतातून जाणारा गोटहार्ड रेल्वेमार्ग घेऊ. या घाटात मालगाड्या ओढण्यासाठी १९१९ पासून बनलेले विजेचे इंजिन पुढे-मागे लांबट सोंड आणि मध्ये चालकाची खोली अशा तीन भागांचे असून वळणावर ते अंग मुरडत जात असल्याने ‘मगर’ या नावाने प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला त्याचे विशेष अप्रूप वाटावे असे कारणही आहे. भोर आणि थळ घाटांत मालगाड्या ओढणारी, रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेली डब्ल्यूसीजी-१ इंजिने याच घराण्यातली असून त्यांपैकी पहिली इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथेच तयार झाली होती. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात असे एक इंजिन उभे आहे; प्रतिकृती घेण्यापूर्वी त्याच्या चाकांना जोडणारे दांडे जवळून पाहून यावे, म्हणजे छोट्या इंजिनात नेमके काय शोधायचे हे कळते.

त्यानंतर प्रमाण, म्हणजे प्रतिकृती मूळ गाडीच्या किती पट लहान हवी ते, ठरवावे. सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १:८७ असून त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. ‘एन’ प्रमाण १:१६० असून रुळांतील अंतर ९ मिलिमीटर असते. सुमारे साडेएकोणीस मीटर लांबीची मगर एचओमध्ये साधारण २२ सेंटिमीटरची, तर एनमध्ये १२ सेंटिमीटरची होते. जागा कमी असेल तर एन सोयीचे, पण निव्वळ मांडणीसाठी माझे मत एचओच्या बाजूने आहे, कारण कठडे, पायऱ्या आणि जोडदांडे नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके मोठे असतात. भारतीय गाड्या जमवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर असल्याने १:८७ मध्ये ती सुमारे १९.३ मिलिमीटर भरते. तीच गाडी बाजारातल्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर उभी केली की तिची चाके किंचित आत ओढल्यासारखी दिसतात. ही तडजोड मान्य नसेल तर रूळ आणि चाके स्वतः बनवण्याची तयारी ठेवावी लागते.

आता इंजिनामागे काय जोडायचे हा प्रश्न येतो, आणि खरा शौकीन येथेच ओळखू येतो. मगर हे मुख्यतः मालगाडीचे इंजिन, त्यामुळे तिच्यामागे झगमगीत एक्स्प्रेसचे डबे लावले की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते. ही इंजिने आरंभी तपकिरी होती आणि पुढे हिरवी रंगवली गेली. तपकिरी मगर घेतली असेल तर वाघिणी, म्हणजे मालाचे डबेही, त्याच काळातल्या हव्यात. दोन आसांच्या लहान वाघिणी एचओमध्ये जेमतेम ११ सेंटिमीटरच्या असल्याने इंजिन आणि सहा वाघिणी एक मीटरच्या फळीवर आरामात मावतात.

जुना माल घेताना दोन तपासण्या टाळू नयेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक प्रतिकृतींचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे असून त्यात शिशाची भेसळ राहिली असल्यास धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या भेगा जातात आणि शेवटी त्याचा चुरा होतो. यावर उपाय नाही, म्हणून सांगाडा वाकलेला किंवा भेगाळलेला दिसल्यास रंग कितीही शाबूत असला तरी ते इंजिन सोडून द्यावे. दुसरी तपासणी वीजपद्धतीची. मेर्कलिन कंपनीची पारंपरिक एचओ इंजिने रुळांच्या मधोमध असलेल्या खुंट्यांवरून वीज घेतात. दोन्ही रुळांतूनच वीज घेणाऱ्या सामान्य पद्धतीच्या रुळांवर ती ठेवल्यास शॉर्टसर्किट होते. केवळ मांडायची असली तरी उद्या चालवून पाहण्याचा मोह होतोच!

कपाट काचेच्या दारांचे आणि धूळ आत जाणार नाही असे घट्ट असावे. एका रांगेसाठी १२ ते १५ सेंटिमीटर खोली पुरते. ते पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नये, कारण उन्हाने रंग विटतात आणि पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. उजेडासाठी उष्णता न देणारी एलईडी पट्टी पुरेशी असते. फळीवर खऱ्या रुळाचा तुकडा चिकटवून त्यावरच गाडी उभी करावी, म्हणजे ती घरंगळत नाही. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कप्प्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती बदलावी.

धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. ओले फडके वापरू नये. इंजिन उचलताना कठडे किंवा छतावरचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा दांडा) न धरता खालच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी धरावे. मोटार असलेले इंजिन तीन-चार महिन्यांतून एकदा दहा मिनिटे दोन्ही दिशांना चालवावे, नाहीतर आतले वंगण घट्ट होते.

मूळ खोके कधीही टाकू नये, कारण पुढे विकताना त्याला मोल येते. मात्र त्यातला जुना फोम तपासावा, कारण काही वर्षांनी तो चिकट होऊन रंगाला डसतो. तसे दिसल्यास इंजिन आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावे. प्रत्येक गाडीचा क्रमांक, खरेदीचे वर्ष आणि किंमत एका वहीत नोंदवावी, आणि तोच क्रमांक खोक्यावर थेट न लिहिता आत ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहावा.