कॅनबेरात आलात? सप्टेंबरच्या आत हेल्मेट घ्या

इथे पत्ता चुकायची भीती फार नाही. ब्लॅक माउंटनवरचा १९५ मीटरचा टॉवर बऱ्याच भागांतून दिसतो, तो बघून दिशा लावायची. सांभाळून राहायचं ते प्राण्यांपासून.

मॅगपाय हा काळा-पांढरा, कावळ्याच्या चणीचा पक्षी. गातो इतका गोड की पहाटे झोपमोड झाली तरी राग येत नाही. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर, घरट्यात अंडी-पिल्लं असली की काही नर मागून झडप घालतात. माझ्या पहिल्याच सप्टेंबरात मी सायकलवर होतो. आधी चोचीचा टक्कन आवाज, मग कानाला रक्त. मी हात झाडत पळालो, म्हणजे सगळं चुकीचंच केलं. सायकलवरून उतरा, हेल्मेट-चष्मा राहू द्या आणि त्याच्यावर नजर ठेवून शांतपणे चालत पुढे जा. लोक हेल्मेटवर केबल टाय काट्यांसारखे उभे लावतात. आपण साळिंदर दिसतो, पण दिसू द्या. त्याहून सोपं म्हणजे तेवढे आठवडे रस्ता बदला, कारण हा पक्षी चेहरे लक्षात ठेवतो.

पितृपक्षही याच दिवसांत येतो. बाल्कनीत पान ठेवू नका. काकाटू, म्हणजे इथले मोठे पोपट, येतील, आणि मग रोज येतील. लाकडी कठडा कुरतडून ठेवतात. वडे-भात पक्ष्यांना सोसतही नाही. आम्ही पान घरातच दाखवतो. आई फोनवर आधी कुरकुरली, मग म्हणाली, "पोचतं रे."

कांगारू कौतुकाचा पहिला आठवडाभर. नंतर तो रस्त्यावर दिसतो. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडतो, ऑफिसही तेव्हाच सुटतं, आणि तीच त्यांची चरायची वेळ. गाडीचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या; नुसत्या थर्ड पार्टीत तुमचा चेपलेला बॉनेट येत नाही. मेलेल्या मादीच्या पिशवीत पिल्लू दिसलं तर ओढून काढू नका, वन्यजीव मदतवाल्यांना फोन करा.

उन्हाळ्यात ब्राउन स्नेक. विषारी आहे, पण काठी घेऊन मागे लागू नका. चावला तर कापायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. हालचाल बंद, चावलेल्या अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट बँडेज, आणि ००० या आपत्कालीन नंबरला फोन.

भारतातून आई-बाबा आले की तिडबिनबिल्ला अभयारण्यात न्या, कोआला आणि इमू दिसतील. जवळच ७० मीटरची अँटेना आहे, व्हॉयेजर-२ या अंतराळयानाला आज्ञा तिथूनच जातात. बाबांना तीच जास्त आवडेल.

आणि वॉर मेमोरियलच्या मागून माउंट एन्सलीवर चढा. स्मारक, तळं, पार्लमेंट एका रेषेत दिसतात. हा आराखडा वॉल्टर ग्रिफिन आणि मॅरियन माहनी ग्रिफिन या जोडप्याचा. वॉल्टर १९३७ मध्ये वारला तो आपल्या लखनौत. सूर्यास्त बघून उतराल तेव्हा पायथ्याच्या गवतात कांगारूंच्या माना वर होतील. गाडी चाळीसच्या वर नेऊ नका.